अप्पांच्या घरातला मांसाहारी

काचेच्या उजव्या कोपऱ्यात बघा. त्या रुंद पानाखाली. तिथे नाही, अजून जरा खाली, लाकडाच्या बेचक्यात. हां, एक डोळा तुमच्याकडं आणि दुसरा पाण्याच्या वरच्या टोकाकडं ठेवून जो बघतोय ना, तोच मी. वाटाण्याएवढा म्हणून लोक मला हसतात. खुशाल हसा. या हिरव्यागार टाकीचा मी एकटा धनी आहे.

बाजारात मला पी पफर म्हणतात. अंगाला खवले नाहीत. रंग पिकायला आलेल्या लिंबाचा, त्यावर काळे ठिपके. दोन डोळे दोन दिशांना फिरतात, ही सोय तुम्हां माणसांना नाही. पण माझा खरा दागिना म्हणजे माझी चोच. वरचे दात एकजीव, खालचे दात एकजीव, आणि मध्ये गोगलगाय सापडली की तिचं कवच कट्कन फुटतं. स्वतःची स्तुती स्वतः करू नये हे मला कळतं, पण टाकीत दुसरं कोणी नसल्यावर ती करणार कोण?

माझा जन्म केरळातल्या एका संथ ओढ्यातला. आईबाप कोण ते ठाऊक नाही, आमच्यात तशी ओळख ठेवायची पद्धत नाही. अंड्यातून बाहेर आल्यापासून जे हलेल त्याच्यावर नजर ठेवायची आणि तोंडात मावेल ते खायचं, एवढंच आमचं शिक्षण. मग जाळं आलं, प्लास्टिकची पिशवी आली, आगगाडीचा खडखडाट आला आणि एके दिवशी मी सोलापुरात रामहरीच्या दुकानात येऊन पडलो.

रामहरी रोज सकाळी सगळ्या टाक्यांवरून कोरडं खाद्य भुरभुरायचा. शेजारचे गप्पी मासे त्यावर तुटून पडायचे. माझ्या पुढ्यातही दाणे पडले. मी एका डोळ्यानं दाण्यांकडं पाहिलं, दुसऱ्या डोळ्यानं रामहरीकडं पाहिलं आणि पाठ फिरवली. जे हलत नाही ते अन्न नाही, असा आमच्या घराण्याचा रिवाज आहे. "लई माजोरडा हाय हा," असं रामहरी गिऱ्हाइकांना सांगायचा आणि पाणवनस्पतींबरोबर आलेल्या बारक्या गोगलगायी वेचून मला घालायचा. त्याच्या बोलण्यात तक्रारीपेक्षा कौतुक जास्त होतं.

त्याच दुकानात मला वैजयंती भेटली. तिचा नवरा सिद्धप्पा, त्याचं नवी पेठेत कापडाचं दुकान. बिचारा सकाळी जातो तो रात्री जेवायलाच घरी येतो. वैजयंतीला झाडांचं वेड. पण सोलापूरचं ऊन, आणि नळाला पाणी येणार चार-पाच दिवसांआड, त्यात गच्चीवरच्या कुंड्या काही जगेनात. शेवटी तिनं सगळ्या कुंड्या वाटून टाकल्या आणि बाहेरच्या खोलीत काचेची टाकी मांडून पाण्यातच बाग लावली. बाग अशी फुलली की शेजारणी बघायला यायच्या. पण वनस्पतींबरोबर गोगलगायीही आल्या आणि महिन्यात त्यांनी टाकी भरून टाकली.

"रामहरीभाऊ, वैताग आणलाय हो त्यांनी. पानांची नुसती चाळण झालीय," ती म्हणाली.

"ताई, ह्याला न्या. थोड्या दिवसांत एक बी दिसायची न्हाय."

"म्हणजे पळवून लावतो का हा त्यांना?"

रामहरीनं तिच्या कपाळावरच्या विभूतीकडं पाहिलं. त्याची जीभ जरा अडखळली. "तसंच समजा की," तो म्हणाला.

चारही बाजूंनी काच असलेल्या टाकीतून गोगलगायी पळून जाणार कुठं, हा प्रश्न त्या बाईला पडला नाही. पडणार तरी कसा? ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अंडं फुटलं नाही, त्या घरातल्या माणसाला मासा म्हणजे पाण्यात फिरणारं फूलच वाटतं. ते फूल जेवतं काय, हे तिनं विचारलंच नाही.

ते पहिले दिवस काय सांगू. पानापानावर ताट वाढलेलं. मी दबकत जायचो, गोगलगाय कवचातून डोकं बाहेर काढेपर्यंत एका जागी तरंगत थांबायचो आणि मग एकच झडप. माझं पोट टम्म झालं, रंग चढला. वैजयंती येता-जाता टाकीपुढं थांबायची आणि म्हणायची, "बघा, कसा पळवतोय त्यांना." मी आणखी ऐटीत फिरायचो.

त्या ऐटीनंच घात केला. घरात बसलिंगप्पा होते, वैजयंतीचे सासरे. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. वय ऐंशीच्या घरात, गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. आयुष्यभर भुसार दुकान चालवलं, आता सकाळची पूजा उरकली की पेपर घेऊन माझ्यासमोर बसायचे. एका सकाळी पेपर आला नव्हता. त्यांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडं पाहायला लागले. कोणी बघतंय म्हटल्यावर मला राहवेना. समोरच्या काचेवरची सगळ्यात मोठी गोगलगाय मी धरली आणि त्यांच्या नाकासमोर फोडली.

"वैजयंती," अप्पांनी हाक मारली. "हा काय करतोय?"

"खेळतोय, अप्पा."

"खेळत न्हाय. जेवतोय."

ती येऊन वाकली, बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. वाळूवरची रिकामी कवचं तिला तेव्हा पहिल्यांदा दिसली. "मला ठाऊक नव्हतं हो, अप्पा," ती म्हणाली.

"देवघराच्या समोर कत्तल चाललीय रोज, आणि आमी कौतुक करतोय. बेडा. हे ह्या घरात बेडा." अप्पांना राग आला की आतली कानडी बाहेर येते. बेडा म्हणजे नको, आणि अप्पांच्या बेडापुढं या घरात कोणी बोलत नाही.

वैजयंतीनं रामहरीला फोन केला. विकलेला मासा परत घेत नाही, दुकानात रोग पसरतो, असं त्यानं सांगितलं. तेव्हा अप्पांनी निकाल दिला. आलेल्या जिवाला हाकलायचं नाही, पण घरात जे शिजतं तेच त्यानं खायचं. गोगलगायींना मात्र धक्का लागता कामा नये. वैजयंतीनं एकेक गोगलगाय वेचली आणि अप्पांनी त्या सगळ्या मागच्या अंगणात बेलाच्या झाडाखाली दगडी डोणीत नेऊन सोडल्या. पूर्वी त्या डोणीत गाय पाणी प्यायची. अप्पा आता रोज तिथं दुधीची साल, कोथिंबिरीच्या काड्या टाकायला लागले. माझ्या तोंडचा घास त्यांच्याकडं पाहुणा म्हणून राहायला गेला.

मग सुरू झाली माझी परीक्षा. उकडलेला वाटाणा आला. पालकाचं पान दोऱ्याला बांधून आलं. कणकेच्या बारीक गोळ्या आल्या. एकदा तर अप्पांनी शेंगदाण्याचं कूट चिमटीत धरून आणलं आणि, "सोलापुरात राहून शेंगा खात न्हाय म्हणजे काय," म्हणत पाण्यात सोडलं. पाणी गढूळ झालं, वैजयंतीला बादली-बादली पाणी बदलावं लागलं, तेही नळाला पाणी नसताना. मी कशालाच तोंड लावलं नाही. याला तुम्ही हट्ट म्हणाल. मी म्हणेन, ज्याचं पोट ज्यासाठी घडलं त्याच्याशी तो इमानानं राहिला.

पण इमानानं पोट भरत नाही. माझं पोट आत गेलं, पाठीचा कणा दिसायला लागला, रंग राखेसारखा झाला. मी पानाखाली पडून राहू लागलो. वैजयंतीनं रामहरीला पुन्हा विचारलं. तो म्हणाला, बर्फात गोठवलेल्या अळ्या मिळतात, फ्रिजमध्ये ठेवायच्या आणि रोज एक तुकडा घालायचा.

"फ्रिजमध्ये?" अप्पा म्हणाले. "दुधाच्या शेजारी?"

तो विषय तिथंच संपला. वैजयंती स्वयंपाकघरात जाऊन रडली. हौसेनं आणलेला जीव आपल्या हातानं उपाशी मरतोय, याचं तिला लागलं होतं. अप्पांना ते रडणं ऐकू गेलं. त्यांनी पेपर मिटला.

त्या आठवड्यात सोनम आली. ती आरोग्य खात्याकडून गल्लीत फिरते, घराघरांतलं साठवलेलं पाणी तपासते. पाणी रोज येत नाही म्हणून आमच्याकडं दारोदारी बॅरल भरून ठेवतात, आणि झाकण जरा सैल राहिलं की डास आत अंडी घालतात. अप्पांना आपल्या बॅरलचा भारी अभिमान. "बघ, बघ, आरशासारखं पाणी हाय," म्हणत त्यांनीच झाकण काढलं. सोनमनं आत बॅटरी मारली.

"आजोबा, आरशात लई जण नाचायलेत की."

अळ्याच अळ्या. अप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. सोनमनं नियम सांगितला: बॅरल आडवं करा, पाणी फरशीवर ओता, उन्हात अळ्या मरू द्या. अप्पांनी बॅरल कलंडवलं. तापलेल्या शहाबादी फरशीवर शेकडो अळ्या वळवळू लागल्या. अप्पा त्यांच्याकडं बघत उभे राहिले. मग अचानक म्हणाले, "वैजयंती, चहाची गाळणी आण."

"चहाची?"

"नवी घेऊ चहाला. आण." आणि गाळणी हातात आल्यावर, कोणी विचारलं नसताना, सोनमला म्हणाले, "ह्या हितं मरणारच हैत ना? आपणच मारतोय ना? मग उन्हापेक्षा त्याच्या पोटात गेल्या तर काय बिघडलं?"

सोनम गोंधळली. "कुणाच्या पोटात, आजोबा?"

गाळणी माझ्या टाकीत बुडाली. पाण्यात काहीतरी हललं. अंगात त्राण नव्हतं, पण डोळे शाबूत होते. पहिली अळी मी धरली, मग दुसरी, मग मोजायचं सोडून दिलं. काचेबाहेर तिघं ओळीनं वाकून बघत होते, आणि सोनम टाळ्या पिटत होती.

तेव्हापासून माझी सोय लागली. गल्लीत कोरडा दिवस पाळतात, त्या दिवशी सगळे आपापलं साठवलेलं पाणी ओततात. सोनम घराघरांतल्या अळ्या गाळून झाकणाच्या बाटलीत भरून आणायची आणि दारातूनच सांगायची, "मालकांचा डबा आलाय." मालक म्हणजे मी. मग अप्पाही मला मालक म्हणायला लागले. मे महिन्यात टाकीचं पाणी तापायला लागलं तेव्हा त्यांनी आपला टेबलफॅन माझ्याकडं वळवला आणि स्वतः ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसले. गल्लीतले डास मी खातो अशी माझी कीर्ती झाली. ती जरा वाढवून सांगितलेली होती, पण मी खोडली नाही.

सगळं सुरळीत चाललं असताना माझ्या दागिन्यानंच दगा दिला. आमची चोच जन्मभर वाढत असते. कवचं फोडली की ती झिजते. अळ्या पडल्या मऊ. महिन्यांमागून महिने मऊ खाऊन चोच इतकी वाढली की वरचा दात खालच्यावरून पुढं आला आणि तोंड मिटेना. अळी समोर वळवळायची, मी झडप घालायचो, आणि ती निसटून जायची. माझ्यासारख्या शिकाऱ्याला हे मरणाहून वाईट होतं.

रामहरी म्हणाला, एक तर चोच कापा, नाही तर गोगलगायी घाला. गोगलगायींचं नाव वैजयंतीनं अप्पांपुढं काढलंच नाही. तिनं बारीक नेलकटर उकळून घेतला आणि मला जाळीतून ओल्या कापसावर घेतलं. मी उभ्या आयुष्यात एकदाच फुगलो, तो त्या वेळी. भीतीनं माझा चेंडू झाला. तिचा नेम लागेना, नेलकटर कधी माझ्या डोळ्याजवळ, कधी गालाजवळ.

"साकु," अप्पा मागून म्हणाले. पुरे झालं. "सोड त्याला पाण्यात. तुझ्यानं व्हायचं न्हाय ते."

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा माझ्यासमोर जेवायला बसले होते. ताटात कडक भाकरी, शेंगाची चटणी, आमटी. कडक भाकरी म्हणजे या घराचा जीव. पण अप्पांचे दात कधीच गेलेले, आणि कवळी त्यांना टोचते, म्हणून ती खिशात असते. त्यांनी भाकरी मोडून आमटीत टाकली आणि ती मऊ व्हायची वाट बघत बसले. शेजारी वैजयंती तीच भाकरी कुडुम्‌कुडुम्‌ चावत होती. अप्पा तिच्याकडं बघत होते, मग माझ्याकडं. मी तोंड वासून एका अळीच्या मागं फिरत होतो.

"त्याला काय पायजे म्हणालीस?"

"काही नाही, अप्पा."

"सांग की."

"कडक काहीतरी. चावायला. चावलं नाही तर चोच वाढत जाते."

अप्पांनी ताटातली भिजलेली भाकरी बोटानं हलवली. "मऊ खाऊन पोट भरतं गं," ते म्हणाले, "पण जेवल्यासारखं वाटत न्हाय. मला ठाऊक हाय ते." ताट अर्धवट सोडून ते उठले आणि मागच्या अंगणात गेले.

डोणीशी ते बराच वेळ बसले होते. त्या गोगलगायी त्यांनीच वाचवल्या होत्या, त्यांनीच वाढवल्या होत्या. परत आले तेव्हा तळहातावर एक बारकी गोगलगाय होती. वैजयंती धावत पुढं आली. "अप्पा, द्या इकडं. मी टाकते. मीच आणलाय त्याला."

"तू नको. तू सर." अप्पांनी हात मागं घेतला. "पाप लागायचं आसंल तर मला लागू दे. माझं आता किती राह्यलंय? तुला अजून लई दिवस काढायचेत."

त्यांनी डावा हात गळ्यातल्या लिंगाला लावला, उजव्या तळहातावरच्या त्या जिवाला "तप्पायतु" म्हणाले, म्हणजे चुकलं माझं, आणि गोगलगाय पाण्यात सोडली.

पहिल्या दिवशी मला ती फुटली नाही. नुसती चावून चावून सोडली. दुसऱ्या दिवशी कड मोडली. पुढं हळूहळू चोच झिजत गेली, आणि एका सकाळी तो जुना आवाज पुन्हा झाला. अप्पांना आता ऐकू कमी येतं, पण त्यांनी काचेला कान लावलेला होता. ते हसले. चोचीचा मला आधीपासून अभिमान होता. त्या दिवशी मला अप्पांच्या हाताचा अभिमान वाटला.

आता मी म्हातारा झालो. ठिपके फिकट झालेत, झडप चुकते. वैजयंतीची बाग मात्र भरात आहे. तुम्हां माणसांना एकच सांगणं आहे. कोणताही जीव घरी नेताना तो दिसतो कसा हे बघता, तसं तो जेवतो काय हेही विचारा. तुम्ही आपल्या ताटातलं प्रेमानं वाढाल, आणि तो तुमच्या प्रेमापुढं उपाशी मरेल.

आणि एक गोष्ट सांगतो, तेवढीच माझी खरी कमाई. परवा अप्पा भाचीच्या मुलीच्या लग्नाला अक्कलकोटला गेले आणि ठरल्यापेक्षा जास्त राहिले. सोनमही गावी गेलेली, डबा नाही. वैजयंतीनं माझ्याकडं बघून शेवटी डोणीतली गोगलगाय आणली. देवघराकडं एकदा पाहिलं, डोळे मिटले आणि ती पाण्यात सोडली. गोगलगाय माझ्या समोरून सरकत गेली, डोकं बाहेर काढून, अगदी हवी तशी. मला भूक होती. मी तोंड फिरवलं आणि पानाखाली जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशीही तसंच. पाप म्हणजे काय ते मला कळत नाही, आमच्या ओढ्यात ते नव्हतं. पण अप्पांनी ते तिच्यापासून अडवून स्वतःकडं घेतलं होतं, एवढं मी या काचेतून पाहिलं होतं.

अप्पा आले ते पिशवी हातात घेऊनच टाकीपुढं उभे राहिले.

"माझ्या हातचं घेत नाही हो तो," वैजयंती म्हणाली. "दोन दिवस उपाशी आहे."

अप्पांनी टोपी काढून खुर्चीवर ठेवली, बाही वर केली आणि पाण्यात हात घालून तीच गोगलगाय पानावरून उचलली. माझ्यासमोर आणून त्यांनी ती सोडली.

"घे, मालक," ते म्हणाले. "माझ्या हातची हाय."

मी चोच उघडली.